तुळशीराम मिस्त्रीचा सल्ला

अमरावतीत त्या काळी मोटारसायकली सात की आठ होत्या, आणि जिच्या पोटात तुळशीराम मिस्त्रीचा हात गेला नाही अशी त्यांत एकही नव्हती. वकील, मिशनचा पाद्री, जंगलखात्याचा साहेब, एक-दोन हौशी देशमुख, सगळ्यांना शेवटी त्याच्याच दारात यावं लागे. दार म्हणजे तरी काय? गावाबाहेर वांग्याच्या आणि झेंडूच्या वाफ्यांमधून गेलेली पायवाट, तिच्या टोकाला विहीर आणि विहिरीशेजारी टिनाचं छप्पर. तुळशीराम कापूस पिंजणाऱ्या एका जिनात फिटर होता. जिन सुटलं की घरी यायचा, मोटेच्या पाण्यात राखेनं कोपरापर्यंत हात घासायचा आणि त्या छपराखाली जाऊन बसायचा. त्याचे भाऊ भाजीपाला पिकवून बाजारात नेत. माळ्याच्या घरातला हा एकटाच लोखंडात शिरलेला. "आमच्या घरी सारे भाजी पिकवतात," तो म्हणे, "मी गंज खरवडतो."

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नवाच लागलो होतो. लोक आम्हाला ढोरडाक्टर म्हणत. त्याच्या थोरल्या भावाचा बैल फुगला म्हणून एका सकाळी बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा पन्नाशीला टेकलेला एक किरकोळ माणूस बैलाच्या डाव्या कुशीला कान लावून उकिडवा बसला होता. मला वाटलं, मंत्रबिंत्र चाललाय. तो उठला नाही, नुसता म्हणाला, "डाक्टर, हवा या बाजूनं हाय. अन् वर चढून राहिली. घाई करा."

हवा त्याच बाजूला होती. मी नळीची सुई खुपसली, वारा सुटला आणि थोड्या वेळानं बैलानं मान हलवली. घरातली सगळी माणसं बैलाकडे पाहत होती. तुळशीराम माझ्या हाताकडे पाहत होता.

"हात नाई थरथरला तुमचा," तो म्हणाला. "इंजनावर बी चालन हा हात."

अशी आमची ओळख झाली. पुढं संध्याकाळी दवाखाना बंद झाला की माझे पाय आपोआप त्या पायवाटेला लागत. त्याची बायको काशीबाई कोरा चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "घ्या डाक्टर. ह्यायले सांगू नोका, थंडा झाल्याशिवाय थे पितच नाईत." खरंच, त्याचा चहा नेहमी थंड व्हायचा. इंजिन सुरू असलं की लाकडाची एक वीतभर कांडी तो इंजिनाला टेकवी, तिचं दुसरं टोक कानात धरी आणि डोळे मिटून घेई. बोललेलं त्याला चालत नसे. मग डोळे उघडून निकाल सांगे: "याचं एक बेअरिंग रडून राहिलं." बिघाडाला तो बिघाड म्हणत नसे. यंत्र रडतं, रुसतं, नाहीतर दमतं, असंच तो म्हणायचा. आणि एक वाक्य त्याच्या तोंडी कायम असे: "मशीन खोटं बोलत नाई डाक्टर. मानूस बोलते."

या वाक्याला तो जागताना मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका देशमुखांना आपली जुनी मोटारसायकल एका शाळामास्तरांना विकायची होती. मास्तरांचा तुळशीरामवर भरवसा. देशमुखांनी त्याला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं असणार. आम्ही सगळे छपराखाली उभे. देशमुख म्हणाले, "सांग रे मिस्त्री मास्तरांना, इंजिन कसं आहे ते." तुळशीरामनं कांडी लावली, ऐकलं, आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, हे घेऊ नोका. याचा जीव गेला हाय. हे फक्त मालकाच्या धाकानं फिरून राहिलं."

देशमुखांचा चेहरा पडला. त्या घराचं काम त्याच्याकडे पुन्हा कधी आलं नाही. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाताना मनात म्हटलं होतं, माणूस असा असावा.

पहिल्या महायुद्धात तो सरकारी कारागीर म्हणून बसऱ्याला जाऊन आला होता. तिथल्या उन्हाच्या, खजुराच्या, नदीच्या गोष्टी तो कधी सांगत नसे. सांगे ते मोटारसायकलींबद्दल. डाक पोचवणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या त्या अंगापिंडानं भरलेल्या गाड्या तो खोलायचा, साफ करायचा, जोडायचा. "तीन वर्षं खोलल्या," तो एकदा म्हणाला. "चालवून पाहाचं काम गोऱ्याचं. आमाले बसू देत नव्हते." सांगताना आवाजात राग नव्हता. पान्ह्यांवरचं तेल पुसत पुसत बोलला आणि पुढच्या कामाला लागला. मी तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

माझी फिरती वाढली. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी आणि त्यांच्या आजूबाजूची खेडी. कुठं बुळकांडीची साथ आली की गुरं पटापट मरत, आणि मी बैलगाडीनं किंवा उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं पोचेपर्यंत निम्मा गोठा रिकामा झालेला असे. आपण मोटारसायकल घ्यावी असं मनात आलं. तुळशीरामला सांगितलं तर तो इतका खूष झाला की त्या दिवशी चहा गरम प्यायला.

त्यानंच मला शिकवलं. पाद्रीसाहेबांची गाडी दुरुस्तीला आलेली होती, तिच्यावर. पहिले आठ दिवस इंजिन सुरूच करू दिलं नाही. जिनामागच्या मोकळ्या जागेत मी गाडी हातानं ढकलत गोल गोल फिरे आणि तो सावलीत बसून ओरडे, "वजन पाठ करा! वजन पाठ झाल्याशिवाय चालवता येत नाई!" नवव्या दिवशी म्हणाला, "आता पाडा."

"काय पाडू?"

"गाडी. पाडा अन् एकट्यानं उचला. रस्त्यावर मी थोडीच येनार हाय उचलाले."

मी पाडली. उचलता येईना. तीनदा घसरली, हाताची सालटं निघाली. तो जागचा हलला नाही. चौथ्यांदा पाठ लावून, मांडीच्या जोरावर उचलली तेव्हा मात्र धावत आला, माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि काशीबाईला हाक मारून हळद मागवली. माझे वडील मी लहान असताना धामणगावला वारले. कुणी माझे हात असे धरून पाहिल्याला मग बरीच वर्षं झाली होती.

महिन्याभरात मी बऱ्यापैकी चालवू लागलो. आता गाडी कोणती, हा प्रश्न. दोन गाड्या विकायला होत्या. एक अमरावतीतच, जंगलखात्याच्या साहेबाची. साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता. गाडी मोठी, काळी, लांबलचक टाकीची, उभी असली तरी धावते आहे असं वाटावं अशी. दुसरी अकोल्याला, एका कंत्राटदाराच्या मुलाची. लहान, हलकी, दिसायला सायकलीची थोरली बहीण. मुलगा कायदा शिकायला नागपूरला गेला आणि गाडी पडून होती. दोन्ही मला परवडण्यासारख्या होत्या. माझं मन साहेबाच्या गाडीवर गेलं होतं, हे लपवत नाही.

साहेबाच्या बंगल्यावर आम्ही दोघं गेलो. तुळशीरामनं गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला, इंजिन सुरू करून कांडी लावली. डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मी शेवटी विचारलं, "कशी आहे?"

"चांगली हाय," तो म्हणाला. नुसतं एवढंच. रस्त्याला लागल्यावर मग बोलला, "पण तुमच्या कामाची नाई. डाक्टर, मोठी गाडी तुमाले घेऊन पळन. लहान गाडीले तुमी घेऊन पळसान. नव्या मानसानं हलकीच घ्यावी. चिखलात फसली तं कोन काढन ते?"

बोलणं पटण्यासारखं होतं. आजही मी कुणाला हाच सल्ला देईन. त्यातली खरी मेख हीच आहे.

दोन दिवसांनी बडनेऱ्याहून आगगाडी धरून आम्ही अकोल्याला गेलो. कंत्राटदाराच्या वाड्यातल्या गड्यानं दार उघडलं आणि "या मिस्त्री" म्हणाला. त्याला सगळेच ओळखतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुळशीरामनं इंजिन ऐकलं, साखळी पाहिली, मागचं चाक फिरवून पाहिलं. पुढच्या चाकाला धरणारे दोन लोखंडी दांडे असतात, त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. त्या चिमट्यावर तेवढा ताजा काळा रंग होता. बाकीची गाडी उन्हानं फिकी पडलेली.

"मिस्त्री, हा रंग नवा दिसतो."

"गंज चढते. मारला असंन कोनी हौसेनं."

हे तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, पण काम करताना तो कुणाकडेच पाहत नसे. मी गाडी घेतली. तिच्यावर बसून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला आलो. तो रेल्वेनं परत आला आणि मी सुखरूप पोचलो की नाही ते पाहायला स्टेशनवरून थेट माझ्या बिऱ्हाडी आला. पाणी प्यायला, गाडीकडे एकदा पाहिलं आणि गेला.

तीन आठवड्यांनी कळलं की साहेबाची काळी गाडी तुळशीरामनं घेतली. मला जरासं लागलं. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, घेऊ दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलल्या बिचाऱ्यानं. मी मुद्दाम अभिनंदन करायला गेलो. तो ओशाळला. "साहेब जाऊन राहिला होता," म्हणाला, "पडून राहिली असती." काशीबाई त्या दिवशी चहा ठेवून लगेच आत गेली. बाईच्या अंगात कसर असेल असं समजून मी तेही सोडून दिलं.

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. अंजनगावच्या बाजूच्या एका खेड्यात बुळकांडी लागल्याचा निरोप आला. मी लसीच्या बाटल्या पेटीत भुशात बसवल्या, पेटी मागं घट्ट बांधली आणि दुपारच्या आत पोचायचं म्हणून निघालो. पाऊस उघडला होता, रस्ता कोरडा होता. अंजनगाव दीड-दोन मैल राहिलं, पानमळे दिसायला लागले. ओढ्यावरच्या एका मोरीवर चाक जरासं उसळलं. फार मोठा खड्डा नव्हता तो. हातात धरलेलं हँडल एकाएकी हलकं झालं, पुढचं चाक मला सोडून बाजूला निघून गेलेलं दिसलं, आणि मग रस्ता तोंडासमोर आला.

शुद्धीवर आलो तो एका लोहाराच्या भात्याजवळ, बाजेवर. उजव्या बाजूचं हासळीचं हाड मोडलं होतं, गुडघा फुगून कोहळ्याएवढा झाला होता. बाटल्या सगळ्या फुटल्या. दुसरी लस यायला चार दिवस लागले. तोवर त्या खेड्यातली अकरा जनावरं गेली. सखाराम नावाच्या शेतकऱ्याची पोळ्याला सजवलेली जोडी त्यांत होती. तो पुढं मला भेटला तेव्हा एका शब्दानंही दोष दिला नाही. "तुमी तरी काय करसान," म्हणाला, आणि त्या वाक्यानं मला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

लोहार म्हातारा होता. पडल्यापडल्या मला त्यानं चिमट्याचा तुटका तुकडा आणून दाखवला. "डाक्टर, हे आज मोडलं नाई. हे आधीच मोडलेलं हाय. पहा, पितळेचा झाळ हाय आतून. वरून रंग फासला."

मी तुकडा डाव्या हातात घेतला. मोडलेल्या नळीच्या आत एक बारीक लोखंडी खिळी आडवी घातलेली होती आणि तिच्याभोवती पितळ वितळवून सांधा भरला होता. झाळण्याआधी अशी आडवी खिळी घालायची रीत मी एकाच माणसाची पाहिली होती. त्या टिनाच्या छपराखाली, थंड होत चाललेल्या चहाशेजारी, कित्येकदा. "खिळी म्हंजे सांध्याचा जामीन," असं म्हणत तो ती ठोकायचा.

तिथं त्या बाजेवर पडून मी फार वेळ दुसरं काहीतरी कारण शोधत होतो. दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं ही रीत उचलली असेल. आपण केलेलं काम तो विसरला असेल. पण ज्याला दहा वर्षांपूर्वीचा बेअरिंगचा आवाज आठवायचा, तो हे विसरेल? आणि मग तो गडी आठवला, "या मिस्त्री" म्हणणारा.

तीन आठवड्यांनी, हात झोळीत, काठी टेकत मी त्या पायवाटेनं गेलो. तुकडा खिशात होता. झेंडू ऐन भरात होता, तुळशीरामच्या भावजया फुलं तोडत होत्या. माझा अवतार पाहून त्यांचे हात थांबले. तुळशीराम छपराखाली होता. काळी गाडी त्याच्यामागं उभी होती, पुसून लख्ख केलेली. मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं माझ्या झोळीतल्या हाताकडे पाहिलं नाही. तुकडा उचलला, उजेडात धरला, बोट आत घालून पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाला, "खिळी पुरी बसली नव्हती."

"मिस्त्री, हा झाळ तुमचा?"

"माझा हाय. बोरगावपाशी पडला होता थो कंत्राटदाराचा पोट्टा, दोन वर्षं झाले. म्याच जोडला." मग तुकड्याकडे पाहत, "माझा झाळ कवाच सुटला नाई, डाक्टर. आजवर कवाच नाई."

"मग मले सांगितलं काहून नाही?" मी शहरी मराठी बोलायची सवय लावून घेतली होती. त्या दिवशी ती कुठं गेली कोण जाणे.

त्यानं तुकडा खाली ठेवला. दारात काशीबाई उभी होती. तिनंच सांगितलं. "म्या ह्यायले मनलं होतं, सांगा डाक्टरले. पाया पडली मी. हे मने, सुटत नाई, काई होत नाई."

"रंग?" मी विचारलं. "रंग कोणी मारला?"

"आपन जायच्या आदल्या दिवशी मी एकटा जाऊन आलो होतो अकोल्याले," तुळशीराम म्हणाला. मान खालीच.

तोवर मला वाटत होतं, त्याला आपल्या कामाची घमेंड होती आणि तीच नडली. माणसाला ते माफ करता येतं. पण रंगाचा डबा घेऊन तो आगगाडीत बसला होता, दोन तास तिथं बसून त्यानं तो सांधा झाकला होता, हात धुऊन परत आला होता, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पुन्हा त्याच आगगाडीत बसून मला शेंगा सोलून दिल्या होत्या.

"मोठी मले काहून घेऊ नाही दिली?"

या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं. "थे मले पाह्यजे होती," तो म्हणाला. "तुमी घेतली असती तं माह्या हाती कवा आली असती? माह्यं वय काय राहिलं? लहानी तुमाले पसंत पडली नसती तं तुमी मोठीच घेतली असती. चिमट्याचं सांगितलं असतं तं पसंत पडली असती काय?"

इतकं साधं होतं ते. त्यात माझ्याबद्दल वाईट काहीच नव्हतं. मी त्याच्या हिशेबात कुठं नव्हतोच, आणि मी मात्र त्याला बापाच्या जागी बसवून बसलो होतो.

तो एकदम उठला, काळ्या गाडीचं हँडल धरून ती माझ्यापुढं आणून उभी केली. "न्या. आताच न्या. तुमची झाली हे."

"मिस्त्री," मी म्हणालो, "गुडघा वाकत नाही माझा. इंजिन सुरू करायला लाथ कोण मारेल?"

काशीबाईनं पदर तोंडाला लावला. मी वळलो आणि काठी टेकत वाफ्यांमधून परत आलो. मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबलो असतो, हेही सांगून टाकतो.

ही गोष्ट मी अमरावतीत कुणालाही सांगितली नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्याची अब्रू राखावी असा मोठेपणा माझ्यात नव्हता. फसलेल्या माणसाला स्वतःचीच लाज वाटते, तसलं काहीतरी असेल. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एकदा विचारलं, "साहेब, मेव्हण्याला मोटारसायकल घ्यायची आहे, तुळशीराम मिस्त्रीला दाखवू का?" मी म्हणालो, "दाखव. त्याच्याइतकं कुणाला कळत नाही." पुढं पाच-सहा महिन्यांत मी बदली मागून घेतली आणि अकोल्याला आलो. मोटारसायकलीवर पुन्हा बसलो नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी तो मला शेवटचा दिसला. मी सर्व्हिस मोटारीनं अमरावतीला एका लग्नाला चाललो होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलेलं, भर दुपार. मालगाडी यायची होती. मोटारीच्या पुढं दोन बैलगाड्या आणि त्यांच्या पुढं ती काळी गाडी. तुळशीराम डोक्याला फडकं बांधून बसला होता, पाठीला पोक आलेला, इंजिन चालूच ठेवलेलं. मागं काशीबाई, नऊवारी घट्ट कासून.

तिनं वळून पाहिलं आणि मला ओळखलं. उतरून खिडकीशी आली. केस पांढरे झाले होते.

"डाक्टर, बरे हाय ना? लेकरं?"

"दोन मुली," मी म्हणालो. "तुम्ही?"

"आता काय, चालू हाय." मग तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. काही सांगायचं होतं तिला, पण मालगाडी आली आणि तिच्या खडखडाटात काही बोलता येईना. आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे पाहत राहिलो. तुळशीरामनं मान वळवली नाही. पण त्याला ठाऊक होतं. त्याचे खांदे सांगत होते.

फाटक उघडलं आणि तो एकदम निघाला. बायको मागं बसलेली नाही याचंही भान त्याला राहिलं नाही. रूळ ओलांडून शंभरेक पावलांवर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण गाडी थांबली. मागं वळून आला असता तर मी समोर असतो. तो वळला नाही. उन्हात, रस्त्याच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून तसाच बसून राहिला.

"येते मी," काशीबाई म्हणाली आणि चालू लागली. बैलगाड्या तिला ओलांडून गेल्या. मग आमची मोटार हलली, तिच्याही पुढं गेली आणि त्याच्या अगदी जवळून जाऊ लागली. खिडकी त्याच्याच बाजूची होती. त्याच्या कानशिलावरचा घाम मला दिसत होता. हात बाहेर काढला असता तर खांद्याला लागला असता.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तुळशीरामनं गाडी एक पाऊल कडेला घेतली, आम्हाला वाट दिली आणि डोळे मिटून घेतले.